फ्रीजशिवाय टिकणारे दुधाचे पदार्थ: टेट्रा पॅक, तूप, कंदी पेढा, कंडेन्स्ड मिल्क नेमके का टिकतात?

माणदेश_किराणा

गावातल्या किराणा दुकानात दुधाचे कोणते पदार्थ बाहेर ठेवता येतील ते ठरवायचं आहे. फ्रीज आहे, पण उन्हाळ्यात दिवसाचे सहा-सात तास वीज नसते आणि पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर जातो.

पिशवीतलं दूध आणि टेट्रा पॅकमधलं दूध दोन्ही तापवलेलीच असतात, मग पहिलं संध्याकाळपर्यंत नासतं आणि दुसरं सहा महिने चालतं ते का? त्यात काही औषध घालतात का, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. लोणी चार दिवसांत वास मारतं, त्याचंच तूप मात्र वर्षभर राहतं. पेढा साखरेमुळे टिकतो असं म्हणावं, तर श्रीखंडात साखर त्याहून जास्त असूनही ते बाहेर का टिकत नाही? "साखर असते म्हणून" यापलीकडचं उत्तर हवं आहे. आकडे आणि कारणं असतील तर गिऱ्हाइकालाही सांगता येतील.

सायलो_नंबर_दोन

आधी औषधाचं. दुधात परिरक्षक मिसळायला आपल्याकडे परवानगी नाही, टेट्रा पॅकमधल्या दुधातही नाही. फॉर्मॅलिन घालतात ते प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्यात. विक्रीच्या दुधात ते सापडलं तर ती सरळ भेसळ आणि गुन्हा.

फरक दोन ठिकाणी पडतो: तापवण्यात आणि भरण्यात. पिशवीतलं दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद धरतात. त्यात क्षयासारखे रोगजंतू मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू आणि मुख्य म्हणजे बीजाणू उरतात. बॅसिलस गटातले जिवाणू अडचणीच्या काळात जाड कवचाचं रूप घेतात, तो बीजाणू. त्यातले बरेचसे 100 अंशांच्या उकळीतही तगतात. त्यामुळे घरी दोनदा-तीनदा उकळलेलं दूधही निर्जंतुक होत नाही; उकळी फक्त घड्याळ मागे नेते. शिवाय पिशवी आणि भरायचं यंत्र स्वच्छ असलं तरी निर्जंतुक नसतं. 4 अंशांवर उरलेले जिवाणू अगदी सावकाश वाढतात. तेच दूध 35 अंशांवर आलं की त्यातले काही जिवाणू 20 ते 30 मिनिटांत दुप्पट होतात. मग संध्याकाळपर्यंत दूध फाटलं तर त्यात नवल नाही.

टेट्रा पॅकसाठी दूध 135 ते 150 अंशांपर्यंत नेतात आणि तिथे फक्त 2 ते 5 सेकंद ठेवतात. एवढं तापवूनही ते करपत नाही, यामागे एक नेमकं गणित आहे. तापमान 10 अंशांनी वाढवलं की बीजाणू मरण्याचा वेग साधारण दहापट होतो, पण दूध तांबूस करणाऱ्या आणि चव बदलणाऱ्या क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पटच होतो. म्हणजे जितकं वर जावं आणि जितकं पटकन खाली यावं, तितके बीजाणू मरतात आणि दूध दुधासारखं राहतं. 115 अंशांवर 20 मिनिटं ठेवूनही बीजाणू मरतील, पण हाती बासुंदीच्या रंगाचं, करपट चवीचं दूध येईल.

यानंतरची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. निर्जंतुक झालेलं दूध बंद नळ्यांतूनच थंड होतं आणि उघड्या हवेला न लागता भरलं जातं. कागदाची पट्टी गरम हायड्रोजन पेरॉक्साइडमधून जाते, निर्जंतुक गरम हवेने वाळते, तिची नळी होते आणि दुधाच्या पातळीच्या खालीच आडवी सील बसते. आत हवेची पोकळी उरत नाही. खोक्याचे सहा थर असतात. जाड कागद आकार देतो, पॉलिथिलीनचे थर पाणी अडवतात आणि सीलला चिकटतात, अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी उजेड आणि प्राणवायू अडवते. टेट्रा पॅक ही मूळ स्वीडनची कंपनी. अशा निर्जंतुक भरणीचं तिचं यंत्र 1961 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं.

खोकं उघडलं की ते साधं दूध होतं. हवेतले आणि हातावरचे जिवाणू आत गेले, आणि तिथे त्यांच्याशी स्पर्धा करायलाही कुणी नाही. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. चाळीस अंशांच्या दुकानात उघडं खोकं असेल तर काही तासांतच.

लॅब_टेबल

वरच्या उत्तरात एक भर. यूएचटी दूध, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे अतिउच्च तापमानाला तापवलेलं दूध, जिवाणूंशिवायही बिघडतं, आणि दुकानदाराला नेमका हाच अनुभव येतो: खोकं फुगलेलं नाही, आंबट वास नाही, तरी दूध कडवट लागतं किंवा तळाशी जेलीसारखं साकळलेलं असतं.

याचं मूळ कच्च्या दुधात असतं. संकलन केंद्रावर थंड टाकीत दूध दोन-तीन दिवस पडून राहिलं की थंडीत वाढणारे सुडोमोनास जातीचे जिवाणू त्यात वाढतात. ते स्वतः 72 अंशांच्या पाश्चरायझेशनलाच मरतात, पण त्यांनी सोडलेली प्रथिनं तोडणारी आणि चरबी तोडणारी विकरं (एन्झाइम) 140 अंशांनंतरही थोडी शिल्लक राहतात. ती महिनोन्‌महिने हळूहळू केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन तोडत बसतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात कडवटपणा येतो. दूध एवढी उष्णता सोसेल का हे पाहायला यूएचटीच्या प्रकल्पात दूध घेताना अल्कोहोल चाचणीही कडक असते: सम प्रमाणात 75 टक्के अल्कोहोल मिसळल्यावर जे दूध कणीदार झालं ते या कामाचं नाही.

गोदाम तापलं की विकरांची ही क्रिया वेगाने होते. पाकिटावरची मुदत थंड, कोरड्या जागेसाठी असते. विदर्भात किंवा तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्याला लागून वरच्या फळीवर ठेवलेल्या खोक्यांना सहा महिने धरू नका. खालची फळी, भिंतीपासून थोडी दूर, उन्हाची तिरीप न येणारी. खोक्यांवर वजन ठेवू नका. कोपरे चेपले की पन्नीला डोळ्यांना न दिसणारं भोक पडतं आणि तिथून जिवाणू शिरतात. फुगलेलं, कोपऱ्याला ओलसर किंवा चिकट लागणारं खोकं चाखून बघायचं नाही, थेट टाकायचं.

पिशवीसारख्या मऊ पाकिटातलं यूएचटी दूधही मिळतं. त्याची मुदत बहुतेक 90 दिवसांची असते. दुर्गम भागात वाहतुकीला ते सोपं आणि स्वस्त, पण उंदीर आणि खिळे यांपासून जपावं लागतं.

बेरी_आवडते

तुपाचं मी सांगते.

लोण्यात पाणी असतं. दुकानातल्या लोण्यात ते 16 टक्क्यांपर्यंत, घरच्या ताक घुसळून काढलेल्या लोण्यात 20 टक्क्यांच्या आसपास. त्या पाण्यात ताकाचा अंश म्हणजे साखर आणि प्रथिनं असतात, त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात. लोणी कढवताना हे सगळं पाणी जातं. चांगल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. पाणीच नाही म्हटल्यावर जिवाणूला वाढायला जागा नाही, मग तुपात कितीही पोषण असो.

कढवण्यात लोक घाई करतात तिथेच चुकतं. 100 अंशांच्या आसपास पाणी उडत असतं तोवर मोठे बुडबुडे आणि चरचर आवाज येतो. आवाज थांबला म्हणजे बहुतेक पाणी गेलं. त्यानंतर आच मंद करून तापमान 110 ते 115 अंशांपर्यंत जाऊ द्यायचं. वर दुसऱ्यांदा बारीक, पांढरा फेस येतो आणि तळाची बेरी बदामी होते. तेव्हा गॅस बंद. बेरी पांढरी असतानाच उतरवलं तर पाणी राहतं आणि पंधरा दिवसांत तूप वास मारायला लागतं. काळी होऊ दिली तर करपट चव येते. बेरी भाजली गेली की तिच्यातले काही घटक तुपात उतरतात आणि ते प्राणवायूपासून तुपाचं रक्षण करतात. त्यामुळे नीट कढवलेलं तूप अर्धवट कढवलेल्या तुपापेक्षा उशिरा खवट होतं. शेवटी विड्याचं पान टाकायची आपली पद्धतही त्याच कामाची आहे, पानातले घटक खवटपणा लांबवतात. पान कुरकुरीत झालं की काढून टाकायचं.

कढवण्याआधीच्या दोन गोष्टी. लोणी गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. आणि साय किंवा लोणी महिनाभर साठवून आंबू द्यायचं नाही. जिवाणू आणि बुरशी चरबी तोडून आम्लं मोकळी करतात, तो वास कढवून जात नाही. तुपात कायम राहतो. एक किलो घरच्या लोण्याचं साधारण 700 ते 800 ग्रॅम तूप होतं. त्यापेक्षा बरंच जास्त भरलं तर पाणी उरलं आहे असं समजा.

भरताना तूप कोमट असावं, बरणी पूर्ण कोरडी. झाकण गार झाल्यावरच लावायचं, नाहीतर झाकणाला वाफ धरते आणि पाण्याचे थेंब परत तुपात पडतात. तूप पुढे बिघडतं ते जंतूंमुळे नाही, प्राणवायूमुळे. म्हणून बरणी काठोकाठ भरा, अंधारात ठेवा, आणि कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका. तांबं खवटपणा फार वेगाने वाढवतं. ओला चमचा तर कधीच नाही.

माणदेश_किराणा

तुपाचं स्पष्ट झालं. मग खारं लोणी? त्यात पाणी असूनही ते बरंच टिकतं.

सायलो_नंबर_दोन

तिथे मीठ काम करतं, आणि ते टक्केवारीवरून वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. मीठ चरबीत विरघळत नाही, सगळं त्या 16 टक्के पाण्यात जातं. 100 ग्रॅम लोण्यात 2 ग्रॅम मीठ आणि 16 ग्रॅम पाणी म्हणजे पाण्यापुरतं पाहिलं तर 11 टक्क्यांचं मिठाचं पाणी झालं. त्यात ते पाणी अत्यंत बारीक थेंबांत विखुरलेलं असतं, एका थेंबातला जिवाणू दुसऱ्यात सहज जात नाही.

तरी तुमच्या दुकानात ते बाहेर ठेवता येणार नाही. पस्तिशीच्या आसपास लोणी वितळतं, थेंब एकमेकांत मिसळतात, पाणी तळाशी बसतं. परत गार केलं तरी ती बारीक रचना परत येत नाही.

कढई_उलथनं

खवा आणि पेढ्याबद्दल. आकड्यांत सांगतो म्हणजे "साखरेमुळे" यातला अर्धा भाग कळेल.

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा मोकळं पाणी किती आहे हे महत्त्वाचं. साखर, मीठ, दुधातली साखर हे पाणी बांधून ठेवतात. मोकळ्या पाण्याच्या मापाला डेअरीवाले वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची 1. बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकोकस मात्र 0.86 पर्यंत तग धरतो, नेहमीची बुरशी 0.80 पर्यंत, आणि 0.60 च्या खाली काहीच वाढत नाही. दूध 0.99 च्या वर असतं. खवा साधारण 0.96, म्हणजे आटवूनही तो जिवाणूंसाठी ओलाच. म्हणून कुंथलगिरी-भूमकडचा कितीही चांगला खवा असो, 30 अंशांवर त्याचे दोन ते चार दिवसच.

आता एक किलो खवा घ्या, त्यात 300 ग्रॅम पाणी धरा. मऊ पेढ्यासाठी तो जुजबी परतून 950 ग्रॅमवर आणला आणि 300 ग्रॅम साखर घातली, तर पाणी उरलं 250. साखर आणि पाणी मिळून 550, त्यात साखर 54 टक्के. हा पेढा उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुरशी धरतो.

तोच खवा साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा तांबूस होईपर्यंत भाजून 850 ग्रॅमवर आणला आणि 250 ग्रॅमच साखर घातली, तर पाणी उरलं 150. साखर-पाण्यात साखर 62 टक्के. साखर कमी घातली तरी पेढा जास्त टिकतो, कारण काम भाजण्याने केलं. धारवाडी पेढ्याचंही तेच. भट्टीवर अंदाज चुकतो, म्हणून कढईचं वजन आधी करून ठेवावं आणि भाजताना एकदा-दोनदा कढईसकट तोलावं. रंगावर विसंबू नका; आच मोठी असेल तर रंग आधी येतो आणि पाणी आतच राहतं.

साखर कढई उतरवून, खवा 50-60 अंशांपर्यंत आल्यावर घालावी. गरम खव्यात घातली तर तिचा पाक होतो, पेढा चिकट होतो, मग ते सैल मिश्रण घट्ट करायला पुन्हा आच द्यावी लागते आणि कणी बिघडते.

बुरशी पेढ्यात आतून येत नाही, भाजताना ती मरते. ती येते हातावरून, लाकडी साच्यातून, हवेतून, आणि सगळ्यात जास्त गरम पेढे खोक्यात भरल्याने. वाफ झाकणाला धरते, थेंब पेढ्यावर पडतो आणि तेवढ्या ठिपक्यापुरती साखर पातळ होते. हिरवा ठिपका तिथेच उमटतो. पेढे जाळीवर पूर्ण गार करून मगच भरायचे.

सायलो_नंबर_दोन

कढई_उलथनं यांचा 62 टक्क्यांचा आकडा गोड कंडेन्स्ड मिल्कशी तंतोतंत जुळतो. कारखान्यात तिथेही साखर आणि पाणी यांच्यातलं साखरेचं प्रमाण 62.5 ते 64.5 टक्के धरतात. खाली गेलं तर यीस्ट वाढून डबा फुगतो, वर गेलं तर साखरेचे स्फटिक तळाशी बसतात. म्हणजे मिल्कमेडसारखा डबा निर्जंतुक केलेला नसतो, तो साखरेनेच टिकतो. गेल बॉर्डनने अमेरिकेत 1856 मध्ये पेटंट घेतलं ते मात्र साखर न घालता, निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं. साखर नसलेलं, नुसतं आटवलेलं डब्यातलं दूध मात्र डब्यासकट 115 अंशांच्या वर तापवून निर्जंतुक करावं लागतं.

श्रीखंड: चक्क्यात पाणीच 65 टक्क्यांच्या आसपास. एक किलो चक्क्याला 800 ग्रॅम साखर घातली तरी साखर-पाण्यात साखर 55 टक्के, म्हणजे मऊ पेढ्याइतकीच. आंबटपणामुळे बरेच जिवाणू थांबतात, पण यीस्ट आणि बुरशीला आंबट-गोड मानवतं. शिवाय चक्का भाजलेला नसतो, विरजणातले जिवाणू जिवंतच असतात. बाहेर ठेवलं की आंबटपणा वाढत जातो, मग यीस्ट वायू करते आणि झाकण वर येतं. आम्रखंडात आंब्याबरोबर आणखी यीस्ट येतं. पाकिटावर फ्रीज लिहिलं असेल तर तो सल्ला नाही, अट आहे.

पहाटेचा_गोठा

एक शंका. कुकरमध्ये 121 अंश मिळतात. मग बाटलीत दूध भरून कुकरमध्ये ठेवलं, तर घरीही टेट्रा पॅकसारखं दूध होईल का?

लॅब_टेबल

करू नका. कुकरमध्ये 15 पौंड दाबाला वाफ 121 अंशांची असते हे खरं, पण बाटलीच्या मध्यापर्यंत ते तापमान पोचायला बराच वेळ लागतो आणि ते पोचलं की नाही हे घरी मोजता येत नाही. कडेचं दूध तोवर तांबूस होतं. त्याहून मोठा धोका थोड्या कमी तापवण्यात आहे. दूध आंबट नाही, त्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) 6.6 ते 6.8. सामू 4.6 च्या वर असेल आणि भांडं हवाबंद असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू उरल्यास त्यांना वाढायला ती आदर्श जागा. त्याचं विष दिसेलच, वास येईलच असं नाही. कारखान्यात प्रत्येक खेपेतली काही खोकी 30 ते 37 अंशांवर काही दिवस ठेवून मगच माल सोडतात, ती सोय घरी नाही.

खोकाबंद ताकाची गोष्ट वेगळी, तेवढं सांगून ठेवतो. ताकाचा सामू 4.6 च्या खाली असल्याने उरलेले बीजाणू वाढू शकत नाहीत, त्यामुळे त्याला दुधाइतकं तापवावं लागत नाही. अडचण दुसरीच असते: आंबट ताक तापवलं की प्रथिनं फुटून चोथा-पाणी होतं. म्हणून त्यात पेक्टिनसारखा पदार्थ घालतात, तो पाकिटावर लिहिलेला असतो.

माणदेश_किराणा

मग दुकानात बाहेर ठेवायला: यूएचटी दूध, खोकाबंद ताक, तूप, दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क, कंदी पेढा. पनीर आणि पावडरीबद्दल कुणी सांगेल का?

सायलो_नंबर_दोन

पनीर बाहेर नाही. त्यात निम्म्याहून जास्त पाणी, सामू साडेपाचच्या वर, साखर-मीठ नाही. 35 अंशांवर एका दिवसात पृष्ठभाग चिकट होतो.

पावडर ठेवाच. पाणी 5 टक्क्यांच्या आत, त्यामुळे कोरडी असेपर्यंत काही वाढत नाही. साय काढलेल्या दुधाची पावडर जास्त टिकते. सायीसकट असलेल्या दुधाची पावडर चरबीमुळे खवट होते, म्हणून तिच्या डब्यात नायट्रोजन भरतात. म्हशीच्या दुधाची पावडर करणं अवघड मानलं जायचं; 1955 मध्ये आणंदला दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांच्या प्रयत्नांतून ते जमलं, आणि जास्तीचं दूध साठवता येऊ लागलं.

दुधातली साखर हवेतला ओलावा खेचते, तेव्हा पावसाळ्यात सुटी पावडर विकू नका. छोटी बंद पाकिटं ठेवा. गुठळी बोटांनी सहज मोडली तर चालेल. दगडासारखी झाली, पिवळसर पडली किंवा गोंदासारखा वास आला तर नको. साय काढलेल्या दुधाची 100 ग्रॅम पावडर कोमट पाण्यात मिसळून एक लिटर करायची. आधी थोड्या पाण्यात पेस्ट, मग उरलेलं पाणी. पाणी घातल्या क्षणापासून ते साधं दूध आहे, उकळून त्याच वेळी वापरायचं. पावडरीत बीजाणू जिवंत असतात, त्यांना फक्त पाणी मिळालेलं नसतं.

कढई_उलथनं

कंदी पेढा ठेवणार असाल तर कारागिराला दोन गोष्टी विचारा: खवा किती किलोचा किती केला, आणि खोक्यात कधी भरला. मे महिन्यात दहा दिवसांचाच माल घ्या, जुनं खोकं पुढे, नवं मागे. सुटे विकताना चिमटा वापरा, आणि तो रोज धुऊन पूर्ण वाळवा. ओला चिमटा एका खोक्यातली बुरशी दुसऱ्यात नेतो.

बेरी_आवडते

तुपाच्या सुट्या विक्रीलाही हेच. मोठ्या डब्यातून रोज काढत राहिलात तर डबा अर्धा झाला की वरची निम्मी जागा हवेची होते आणि खालचं तूप लवकर खवट होतं. पंधरा किलोचा डबा उघडला की त्याच दिवशी कोरड्या, काठोकाठ भरलेल्या एक-एक किलोच्या बरण्यांत काढून ठेवा आणि एका वेळी एकच बरणी विक्रीला घ्या.

माणदेश_किराणा

दूध खालच्या फळीवर हलवलं, तुपासाठी स्टीलच्या झाकणाच्या बरण्या सांगितल्या आहेत. कारागिराकडून पेढ्याचं वजन उद्या विचारतो आणि इथे आकडा टाकतो, कढई_उलथनं यांनी तो एकदा तपासून द्यावा.